ग्रेड थ्रीचा हिरवा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, पण खिडकीचा नव्हे. माझा रंग इतका भडक पोपटी आहे की मला खिडकीला लावायची कोणाची छातीच झाली नाही. मेलबर्नच्या एका बंद होऊ घातलेल्या कापडाच्या दुकानात मी मागच्या फळीवर पडून होतो. एक दिवस डोरीन आली. तिने मला हातभर उलगडून उजेडात धरलं आणि म्हणाली, "हाच हवा." मला मुद्दाम कोणीतरी निवडलं होतं. तेव्हापासून मी थोडा फुगलेलाच आहे.

डोरीन मूळची वसईची. मेलबर्नच्याच ट्रुगानिना उपनगरातल्या एका प्राथमिक शाळेत ती ग्रेड थ्रीला, म्हणजे तिसरीला शिकवते. सुट्टीत काय केलं ते लिहा म्हटलं की तिची मुलं दोन ओळी खरडायची आणि पेन्सिल तासत बसायची. म्हणून तिने ठरवलं, प्रत्येकाने आपली गोष्ट आधी कागदावर लिहायची, मग टॅबलेटवर स्वतःच्या आवाजात सांगायची आणि चित्रं जोडून तिची छोटी फिल्म करायची. मुलं नुसती खेळत बसतील, असं काही शिक्षकांचं मत पडलं. मुख्याध्यापकांनी एक टर्म करून बघायला सांगितलं.

माझं काम सोपं होतं. मी मुलांच्या मागे टांगलेला असायचो. टॅबलेट सगळं हिरवं गाळून टाकायचा आणि तिथे हवा तो फोटो बसवायचा. निमिषला मी चंद्रावर पाठवलं, यतिनला समुद्राच्या तळाशी. कौतुक मात्र व्हायचं टॅबलेटचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! पण एक गोष्ट मी पाहिली आहे. दोन ओळींत दमणारी मुलं आता दोन पानं लिहायला लागली. आपलीच गोष्ट कानांनी ऐकली की कुठे काय राहिलं ते त्यांचं त्यांनाच कळायचं.

वर्गात सुखदा नावाची आठ वर्षांची मुलगी होती. जन्म अमरावतीचा. वर्गात ती फारसं बोलायची नाही. पण घरातल्या कोणाला तरी बोलावून फिल्म करायची आहे, असं डोरीनने सांगितलं तेव्हा तिने चक्क हात वर केला. ती आईला आणणार होती. विषय होता, 'माझा जन्म'.

सुखदाच्या आईला, भावनाला, तेव्हा सातवा महिना होता. आदल्याच रविवारी मैत्रिणींनी तिचं डोहाळजेवण केलं होतं. त्यात दोन वाट्या झाकून ठेवतात. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. भावनाला पेढा लागला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे सगळं मला सुखदाकडूनच कळलं. सरावाच्या वेळी ती एकटी माझ्यासमोर उभी राहायची आणि टॅबलेटला विचारायची, "हू क्लॅप्ड फॉर मी?" मग ते रेकॉर्डिंग पुसून टाकायची. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा पुसणं. मला वाईट वाटायचं, पण पडदा काय करणार?

शुक्रवारी भावना आली. व्हिडिओ काढणार म्हणून तिने डोहाळजेवणाची नवी हिरवी साडी नेसली होती. हिरवे कपडे घालू नका, असं डोरीनने मुलांना बजावलं होतं. आईला सांगायचं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. सुखदाने मागे आबांच्या, म्हणजे अमरावतीच्या आजोबांच्या, गल्लीचा फोटो लावला. टॅबलेटवर भावनाचा चेहरा दिसला, दोन हात दिसले आणि पोटाच्या जागी गल्लीतली एक स्कूटर. सगळा वर्ग खो खो हसला.

सर्वांत जास्त हसली सुखदा. "बेबी गॉन," ती म्हणाली.

भावनाचा हात पोटावर गेला. "मिस, हे नको," ती म्हणाली. "मला बघवत नाही. मी निघते."

"सॉरी भावना, चूक माझी आहे," डोरीन म्हणाली. तिने बाकीच्यांना खेळायला पाठवलं, एकेक चिमटा काढून मला उतरवलं आणि बाकावर ठेवलं. मागे नुसती भिंत उरली. "आता कुणी गायब होणार नाही. पाच मिनिटं बस. सुखदा, तुला आईला काय विचारायचं होतं?"

सुखदाने टॅबलेट तोंडासमोर धरला. "व्हेन आय केम, डिड एनीवन क्लॅप?"

भावना खुर्चीवर बसली.

"तुझ्या वेळीही मला पेढाच लागला होता," ती म्हणाली. "म्हणून आबांनी आधीच पेढे आणून ठेवले होते. आणि झालीस तू. शेजारी म्हणाले, सुखदेवराव, मुलगी झाली, आता बर्फी आणा. आबा म्हणाले, मी जिची वाट बघत होतो तीच आली आहे. तेच पेढे त्यांनी अख्ख्या गल्लीत वाटले. सगळ्यांच्या हातात पेढे, टाळ्या कोण वाजवणार? नाव काय ठेवायचं विचारलं, तर म्हणाले, माझंच ठेवा. म्हणून तू सुखदा."

"सो द पेढा वॉज राँग?"

"पेढ्याला काय कळतंय?"

"आत्ता पण राँग असेल?"

"असेल. जे येईल ते आपलं."

सुखदाने टॅबलेट तसाच टेबलावर ठेवला आणि आईच्या पोटावर हात ठेवला. रेकॉर्डिंग चालूच होतं. त्यामुळे त्या फिल्मच्या शेवटी नुसतं छत दिसतं आणि दोघींचं हसणं ऐकू येतं. डोरीनने ते कापलं नाही. आईच्या बोलण्याचं भाषांतर करणाऱ्या खालच्या इंग्रजी ओळी सुखदाने स्वतः लिहिल्या. टर्मच्या शेवटी मुख्याध्यापकांनी ती फिल्म दोनदा पाहिली आणि पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांत हा उपक्रम सुरू झाला.

आता नवे टॅबलेट पडद्याशिवायच मागचं चित्र बदलतात. मी खेळाच्या सामानाच्या खोलीत रबरी शंकूंखाली दाबला गेलो आहे. कधी झटकून नीट घडी घातलीत तर अजून बरीच वर्षं टिकेन. पण मित्रांनो, माझं खरं मागणं वेगळं आहे. चंद्र लावा, समुद्र लावा, हवं ते लावा. फक्त त्याआधी समोरच्या मुलाला विचारा, तुला काय जाणून घ्यायचं आहे? सुखदा आठवडाभर तो प्रश्न घेऊन रोज शाळेत येत होती आणि माझ्याशिवाय कोणालाही तो माहीत नव्हता.