तांब्यातला गार हात

पिरनवाडीजवळची नदी हिरवीगार झाली आणि काठावर जत्रा उसळली. नारळाची रांग वेगळी, ओटीची वेगळी; ज्यांना नुसतंच रडायचं होतं त्यांची तिसरी.

"आईनं हिरवा शालू नेसलाय!" काठावर आसन मांडून बसलेले हिरवेस्वामी गरजले. भक्ताच्या पाणी भरलेल्या तांब्यात त्यांनी मूठभर विभूती टाकली. तांब्या गार पडला. "बघ, आईचा हात!" तांब्या नदीत ओतायचा आणि ओंजळभर हिरवं तीर्थ प्यायचं. रोज पोतंभर विभूती नदीत.

मंजुश्री कॉलेजात विज्ञान शिकवायची. दर आठवड्याला पाणी बाटलीत भरून शेवाळ किती वाढलं ते तपासायची, पंचायतीला कळवायची. पंचायत "बघू" म्हणायची. आज पंचायत सगळ्यात पुढं होती, चपला काढून.

आणि घरी मंजुश्रीची आजी, बायाक्का, तीर्थ पिऊन ओकून ओकून अर्धी झाली होती. दवाखाना म्हटलं की, "न्हाय गं, आई पाप बाहेर काढालीया."

"पाप न्हाय आजी, आतडं येईल बाहेर!"

संतापलेली मंजुश्री काठावर आली ती पाण्यानं भरलेले दोन तांबे घेऊनच. भक्तांचे पुढारी मारुतीराव पुढं झाले. तिनं एकात स्वामींची विभूती टाकली, दुसऱ्यात कागदाच्या पुडीतली पांढरी पूड आणि कापूर. "आप्पा, आई कशात हाय?"

मारुतीरावांनी दोन्ही चाचपले. दुसऱ्याला कपाळ टेकवलं. "ह्यात! लई गार!"

"ह्यात तुमच्याच गोठ्यातला युरिया हाय. काकूंकडनं मागून आणला."

मारुतीराव पुटपुटले, "दर साली फवारणीला कालवतोय की मी. हात गार पडतोयच."

"मग वळकला कसा न्हाय?"

"कापराचा वास येत हुता."

मंजुश्री कडाडली, "युरियावर भात पोसतो, तसंच शेवाळ! गटाराचं पाणी आधीच नदीत, त्यात विभूती म्हणून ह्यांची युरियाची पोती. ह्या शेवाळात विष असतं. उकळा, गाळा, जात न्हाय. स्वामी, तुम्हीच प्या की एक तांब्या!"

"आज आमचा उपास."

"पाण्याचा पण?"

आसनामागं पाण्याच्या सीलबंद बाटल्यांचा बॉक्स सापडला. स्वामींना उपासातच पोलिसांच्या जीपमध्ये बसावं लागलं.

मारुतीराव स्वतः बायाक्काच्या दारात गेले. "आक्का, हात आईचा नव्हता, खताचा हुता. ऊठ." ती उठली. सलाईनवर वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

नदी हिरवी झाली तर हात जोडू नका, पाणी तपासून घ्या. आणि चमत्कारच मागायचा असेल, तर पंचायत पहिल्या हाकेला जागी होऊ दे एवढाच मागा.