जोडफळीचा ठोकळा

"ही माझ्या टेबलाची जोडफळी आहे, मर्ल."

आर्डिस तळघराच्या जिन्यावरच थांबली होती. खाली मर्ल एक लाकडी ठोकळा पॉलिशपेपरने घासत होता. मेपलचं लाकूड. एका कडेला जुनं गडद वार्निश अजून शिल्लक होतं, त्यावरूनच तिने ओळखलं.

"होती," मर्ल म्हणाला. "मुलं जेवायला यायची तेव्हा टेबल लांबवायला. आता किती वर्षं पलंगाखाली पडून आहे."

"पडून होती. मेली नव्हती."

मर्लने फुंकर मारून भुसा उडवला. ठोकळ्यात ओळीने भोकं होती. हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की त्या खोऱ्यातली निम्मी माणसं काडतुसं घरीच भरतात. झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी पुन्हा कामाला येते, आणि बंदुकीची दारू भरताना ती उभी राहायला असा ठोकळा लागतो. मर्लने आजवर एकही विकत आणला नव्हता. शाळेच्या व्यायामशाळेची उखडलेली जमीन, चर्चचा मोडका बाक, जे मिळेल त्याचे तो ठोकळे करायचा. पण घरातल्या वस्तूला त्याने कधी करवत लावली नव्हती.

"कुणासाठी?" तिने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"अर्धांगाच्या झटक्यात डेल्बर्टचा डावा हात गेला ना. ठोकळा धरून ठेवता येत नाही त्याला. जड लाकूड हवं होतं." मर्लने ठोकळा उलटा केला. घसरू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं होतं. भोकांचे काठ तिरके उतरवले होते, म्हणजे चाचपडत आलेली नळीही आपसूक आत बसावी.

ठोकळा देखणा झाला होता. तेच तिला सोसेना.

"माझं मनगट मोडलं होतं त्या हिवाळ्यात," ती म्हणाली, "डाव्या हाताने सूप पीत होते मी. अर्धं अंगावर. तेव्हा मला एखादा कप धरायला सोपा करून दिलास?"

"तू काही बोलली नाहीस."

"डेल्बर्ट बोलला?"

मर्ल पुन्हा ठोकळा घासू लागला. डेल्बर्ट बोलला नव्हता.

लग्न झालं तेव्हापासून हे असंच. हिवाळ्यातल्या रविवारी मर्ल आणि त्याचा मित्र डेल्बर्ट तळघरात काडतुसं भरत बसायचे आणि ती वर. कॉफी घेऊन ती जिना उतरली की खाली एकदम सामसूम. आपली चाहूल लागताच हे गप्प होतात, हे तिने पहिल्याच वर्षी मनाशी धरलं होतं. बहिणीला ती फोनवर म्हणायची, "माझी सवत मिशीवाली आहे गं. तिला स्वयंपाक येत नाही, एवढंच माझं नशीब." बहीण खो खो हसायची. आर्डिस हसायची नाही.

"मीही येते," ती म्हणाली. "माझं लाकूड आहे. माझ्या हाताने देणार."

नदीपलीकडे डेल्बर्ट एकटाच राहत होता. गाडीत बसल्याबसल्या तिने एक वाक्य घोटून ठेवलं होतं. डेल्बर्टने ठोकळ्यावरून अंगठा फिरवला, एक नळी भोकात सोडली. ती टक् करून बसली. त्याचं अर्धं तोंड हसलं.

"कुठून चोरलंस रे?"

"आर्डिसच्या टेबलाचा आहे," मर्लने सांगून टाकलं. तिचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं.

"मग तू जिवंत कसा?"

"रविवार आहे," आर्डिस म्हणाली. "देवाचा वार म्हणून सोडलाय."

दोघं कामाला बसले. मर्ल मापाने दारू ओतू लागला. आर्डिस डेल्बर्टला त्याच्या बहिणीबद्दल विचारायला गेली, तर मर्लने बोट वर केलं. सगळ्या नळ्या भरेपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही.

"दारू ओतताना बोलायचं नसतं," मग डेल्बर्ट म्हणाला. "माप चुकतं. याने कधी सांगितलं नाही तुला?"

नव्हतं सांगितलं.

"मग इतकी वर्षं खाली बसून तुम्ही बोलत काय होतात?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बोलत?" डेल्बर्ट म्हणाला. "मर्लशी? तू कधी बोलून बघितलंयस त्याच्याशी?"

तिला हसू फुटलं. पण बोलण्यात वाटा मागता येतो. गप्प बसण्यात कसा मागायचा?

"आर्डिस, जरा बघतेस?" डेल्बर्टने टॉर्च पुढे केला. "सगळ्या नळ्यांत दारू एकाच उंचीला हवी. याला मोतीबिंदू, मला एकाचे दोन दिसतात. आमच्यात मिळून एक धड डोळा नाही."

ती ठोकळ्यावर वाकली. एकेका ओळीवर उजेड धरत गेली. मागच्या ओळीत थांबली.

"ही बघ. हिच्यात जास्त आहे."

मर्लने सगळ्याच्या सगळ्या नळ्या पुन्हा डब्यात रिकाम्या करायला घेतल्या.

"सगळ्या?"

"एकीची शंका आली की सगळ्या," तो म्हणाला.

घरी ती मटणात मीठ जास्त झालंय म्हणाली, तरी तो दोन घास खाऊन वाद घालायचा. इथे तिच्या एका शब्दावर त्याने सकाळभराचं काम मोडलं, आणि मान वर करूनही बघितलं नाही. आर्डिस खुर्चीत जरा ताठ बसली.

नळ्या पुन्हा मांडताना डेल्बर्टच्या उजव्या बाहीचं बटण सुटलं. बाही ठोकळ्यावर लोंबू लागली. त्याने कुणाला काही सांगितलं नाही, नुसता हात पुढे केला. मर्लनेही काही विचारलं नाही. हातातलं ठेवून त्याने ते मनगट धरलं आणि बटण लावायला घेतलं. रोजचं असावं तसं.

आर्डिस बघत राहिली. तिने स्वतःचे हात मांडीवर घट्ट धरले होते.

मर्लला काज सापडत नव्हतं. त्याची बोटं पुन्हा पुन्हा कापडावरून फिरत होती. डेल्बर्ट हात तसाच पुढे धरून बसला होता. कुणाला घाई नव्हती.

मग तिने टॉर्च उचलला आणि बटण आत जाईपर्यंत त्या दोन हातांवर उजेड धरून ठेवला.