नत्थूजींची पहिली सुई

लहानूजी मेश्रामांच्या अंगावर चिमटीत धरावी एवढीही चरबी नव्हती. तरीपण बेसा भागातल्या त्या बागेत वजन उतरवायच्या औषधांविषयी त्यांच्याइतकं कोणी वाचलेलं नव्हतं. हे कसं झालं, ते आधी सांगायला हवं.

कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर शेजारच्या नत्थूजींनी त्यांना जवळजवळ ओढूनच सकाळच्या फिरायच्या मंडळीत आणलं होतं. बागेला फेऱ्या मारायच्या आणि मग फाटकासमोरच्या बाकावर बसून तर्री-पोहे खायचे, असा तिथला रिवाज. फेऱ्या कमीजास्त होत, पोहे चुकत नसत. लहानूजी बाकाच्या टोकाला बसत. प्लॉटचे भाव, क्रिकेट, कोणाचा जावई कुठल्या देशात, यातल्या कशावरही त्यांना बोलता येत नसे. मनात वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे निघून गेलेला असे. मंडळी त्यांच्याशी चांगलीच वागत, म्हणजे पहिली प्लेट त्यांच्याकडे सरकवत आणि मग त्यांना विसरून जात.

मग ती औषधं आली. आधी पेपरात आली, मग कोणाच्या तरी व्याह्याला लागू पडली, आणि बघता बघता बाकावर दुसरा विषयच उरला नाही.

"सब एकच आहे गा," भैयाजी म्हणाले. धरमपेठेत त्यांचं साड्यांचं दुकान होतं आणि कोणत्याही मालाबद्दल ते याच सुरात बोलत. "पोटाले सुई टोचायची, भूक मरते, काम खतम. कंपन्या तेवढ्या वेगळ्या."

"नाही, माझ्या साडभावाची वेगळी आहे," नत्थूजी म्हणाले. "त्याची भारी आहे."

"भारी म्हणजे महाग."

"दोन्ही एक नाहीत," लहानूजी म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. आपणच बोललो, हे कळायला लहानूजींनाही थोडा वेळ लागला. पण सुरुवात झालीच होती, तेव्हा त्यांनी खालमानेनं पुढचंही सांगितलं. जेवण झालं की आतड्यातून मेंदूला निरोप जातो, बस झालं म्हणून. सेमाग्लुटाइड नावाचं औषध त्या निरोप्याची नक्कल करतं. टिर्झेपॅटाइड एकाच्या जागी दोन निरोप्यांची करतं. दोन्ही आठवड्यातून एकदा टोचायची. पण एकमेकांसमोर उभी करून तपासली तेव्हा दुसऱ्यानं वजन जास्त उतरलं, शंभरात वीसच्या आसपास, पहिल्यानं चौदाच्या जवळ.

"बाप्पा!" भैयाजी म्हणाले. "कधीपासून घेऊन राहिले तुमी, लहानूजी?"

"यायनं घेतली तर घरच्यायले दोरी बांधून ठेवा लागंल," नत्थूजी म्हणाले. "हवेत उडून जातील."

सगळे हसले, लहानूजीही हसले. पण दुसऱ्या दिवशी भैयाजींनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "मंग गोळीचं काय म्हणनं आहे तुमचं?" आणि लहानूजींना रात्रभर गार ठेवलेल्या पाण्यासारखं काहीतरी आतून उतरल्याचं जाणवलं.

त्यांनी वाचायला घेतलं. मोबाइलवर इंग्रजी लेख, त्यातले शब्द बघायला जुना जाडजूड कोश, आणि डोळ्यांना भिंग. आयुष्यभर दुसऱ्यांना पुस्तकं काढून देण्यात गेलं होतं. आता वाचलेल्याची कोणीतरी सकाळी वाट बघत होतं.

"अंगावर पसाभर मास नाही, आन चरबीची पुस्तकं वाचून राहिले," त्यांच्या पत्नी बायजाबाई म्हणाल्या. "काहून? मले बारीक करता का आता?"

"तुले नाही वं. असंच."

"असंच म्हणून कोनी भिंग घेऊन बसते का?"

त्यांच्या मताला वजन आलं ते मात्र भैयाजींमुळे. भैयाजींना सुईची भीती, म्हणून त्यांनी ऑर्लिस्टॅटची गोळी सुरू केली. ही गोळी भुकेच्या वाटेला जात नाही, ती खाल्लेल्या तेला-तुपाचा काही भाग अंगी लागू देत नाही. न लागलेलं तेल मग बाहेरच पडणार, आणि ते वेळ बघून पडत नाही. लहानूजींनी हे हळू आवाजात आणि शक्य तितक्या सभ्य शब्दांत सांगितलं होतं. भैयाजींनी ऐकलं आणि वरून तर्री वाढून घेतली, तवंगासकट. त्या दिवशी बागेत आजवर कोणी पाहिलं नव्हतं असं दृश्य दिसलं. भैयाजी धावत घरी गेले. तेव्हापासून लहानूजींचा शब्द हा शेवटचा शब्द ठरला आणि ते बाकाच्या टोकावरून मध्ये आले.

नत्थूजींचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. फेरी मारताना ते आता प्रत्येक झाडाशी थांबत आणि झाडाकडे बघत असल्याचं दाखवत. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी वजन उतरवा, मग ऑपरेशनचं बोलू. म्हणून ते दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्या डॉक्टरांनी दोन्ही सुयांची माहिती दिली आणि घरी विचार करून सांगा म्हटलं.

घरी विचार करायचं नत्थूजींच्या स्वभावात नव्हतं. ते सरळ बाकावर आले. "लहानूजी, फैसला करा. एक निरोप्या का दोन?"

ती सकाळ लहानूजींची होती. त्यांनी दोन्ही औषधं शेजारी ठेवून सांगितली. मळमळ दोन्हीत, बद्धकोष्ठ दोन्हीत. डोस हळूहळू वाढवायचा. जेवण कमी झालं की स्नायूही उतरतात, म्हणून डाळ, अंडी सोडायची नाहीत. बंद केलं की वजन बरंचसं परत येतं. शेजारच्या बाकावरचे लोकही कान देऊन ऐकू लागले. पुढचं वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं, आधी कोणतं दुखणं होऊन गेलं असेल तर डॉक्टरांना सांगायचं, हे. त्या यादीत स्वादुपिंडाची सूज होती. लहानूजींनी नत्थूजींकडे पाहिलं आणि ते वाक्य गिळलं.

"बस," नत्थूजी म्हणाले. "दोनवाली. जमली गोष्ट."

आता हे सांगितलं पाहिजे की काही वर्षांपूर्वी नत्थूजी पोटदुखीनं दवाखान्यात होते, तेव्हा खाटेशेजारी लहानूजीच बसलेले होते. पित्ताशयातला खडा सरकला होता आणि त्यानं स्वादुपिंड सुजलं होतं; पुढे तो काढून टाकला. दुखणं जिवावरचं होतं, पण नत्थूजींना भीती वेगळीच होती. हा आजार म्हटला की लोक दारू म्हणतात. नत्थूजी लेआउटमधल्या, म्हणजे त्यांच्या वसाहतीतल्या, हनुमान मंदिराचे अध्यक्ष, दारूच्या वासालाही न गेलेले. कोणाकोणाला बसून खडा समजावणार? "टायफॉइड सांगजा सगळ्यायले," ते म्हणाले होते. लहानूजींनी तेच सांगितलं, नत्थूजींच्या बायकोनं, प्रेमिलाताईंनीही तेच सांगितलं, आणि पुढे ते तिघांच्या तोंडी इतकं बसलं की कोणाला खोटं वाटेनासं झालं.

दोन दिवसांनी फिरून परत येताना लहानूजींनी विषय काढला.

"डॉक्टरले ते सांगितलं ना?"

"कोनतं ते?"

"मागचं दुखणं."

"टायफॉइड? सांगितला."

"नत्थूजी, मी होतो ना तिथं."

नत्थूजी एका कडुनिंबाशी थांबले. "विचारलं होतं त्यानं. स्वादुपिंडाचा त्रास कधी झाला का म्हणे. मी नाही म्हटलं."

"काहून?"

"काहून म्हणजे? त्यानं बंद केलं असतं. मंग मी काय करू, सांगा. वजन नाही तर ऑपरेशन नाही, ऑपरेशन नाही तर बसा घरात. मंदिराच्या तीन पायऱ्या चढता येत नाहीत मले. पूजा आटोपली का पोरं खुर्ची उचलून खाली आणतात, खुर्चीत मी. देवासारखा."

"पन धोका..."

"किती धोका? आकडा सांगा. तुमी तर आकड्याशिवाय बोलत नाही आता."

लहानूजींकडे आकडा नव्हता.

"तुमीच तर चांगली म्हटली ना चारचौघांत?" नत्थूजी म्हणाले. "आता मांगं सरकू नका. सुईचा पेन फ्रिजमध्ये येऊन पडला आहे."

दुपारभर लहानूजींनी शोधलं. एक जण लिहीत होता, जपून द्यावं. दुसरा लिहीत होता, धोका वाढल्याचं स्पष्ट दिसलं नाही. खडा काढून टाकलेला असेल तर काय, यावर कोणी धड बोलतच नव्हतं. कदाचित काही झालंही नसतं. आपण उगाच भितो हे लहानूजींना आपल्याबद्दल जन्मभर माहीत होतं, आणि या वेळची भीती तरी खरी कशावरून, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी एका ठिकाणी, बारीक अक्षरांत, त्यांना एक गोष्ट सापडली. ज्यांना ही सूज येऊन गेली होती, त्यांना, दोन्ही औषधं एकमेकांसमोर तपासली त्या मोठ्या चाचणीत, घेतलंच नव्हतं. म्हणजे बाकावर ज्या आकड्यांनी त्यांनी फैसला केला होता, त्यांत नत्थूजींसारखा माणूस एकही नव्हता.

हे प्रेमिलाताईंना सांगावं असं त्यांनी तीनदा ठरवलं. एकदा फाटकापर्यंत जाऊनही आले. त्या अंगणात वड्या वाळत घालत होत्या. "काय भाऊजी?" त्यांनी विचारलं, आणि लहानूजी "काही नाही, ऊन चांगलं आहे" म्हणून परत फिरले.

रविवारी प्रेमिलाताईंनीच बोलावलं. सुईसोबतचा कागद इंग्रजीत होता. कंपाउंडरला बोलवावं तर गावभर होईल, तेव्हा भाऊजींनी वाचून सांगावं, त्या टोचतील.

जेवणाच्या टेबलावर पेन, कापूस, स्पिरिट मांडलेलं होतं. नत्थूजी सदऱ्याची बटणं काढून, पोट मोकळं टाकून बसले होते. एरवी सगळ्या मंडळीत त्यांचा आवाज मोठा, पण आता ते सुईकडे बघायचं टाळून कॅलेंडरकडे बघत होते.

"या. सांगा इले कुठं टोचते ते. पटकन."

कागदाची घडी उलगडत गेली ती टेबलभर झाली. पेन कसा धरायचा त्याची चित्रं शेवटी होती. लहानूजींनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"हे कशाले?" नत्थूजी म्हणाले. "चित्रं आहेत ना मांगं. तिथून घ्या."

"क्रमानं वाचतो."

"वाचू द्या ना त्यायले," प्रेमिलाताई म्हणाल्या.

औषध कशासाठी आहे ते वाचून झालं. लहानूजी एक ओळ इंग्रजीत वाचत आणि मग मराठीत सांगत, ग्रंथालयात कुणाला संदर्भ काढून देताना बोलत तशा बिनरंगी आवाजात. पुढचा परिच्छेद आला. त्यांचा आवाज थोडा बसला, पण थांबला नाही.

"वापरण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. तुम्हाला कधी स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर."

प्रेमिलाताईंच्या हातात स्पिरिटचा कापूस होता. तो तसाच राहिला. "परत वाचा, भाऊजी."

लहानूजींनी परत वाचलं. त्यात त्यांचा स्वतःचा एकही शब्द नव्हता.

"लिहितात कंपन्या," नत्थूजी म्हणाले. "सगळंच लिहितात. पुढचं वाचा."

"डॉक्टरनं विचारलं होतं का तुमाले?" प्रेमिलाताईंनी विचारलं.

"पुढचं वाचा म्हणतो ना, लहानूजी."

"अवो, मी काय विचारून राहिली? विचारलं होतं का?"

"विचारलं होतं," नत्थूजी कॅलेंडरकडे बघत म्हणाले.

"मंग काय सांगितलं?"

प्रेमिलाताईंनी कापूस बशीत टाकला. "घरोघरी टायफॉइड म्हणत फिरली मी तुमच्यासाठी. शेजारनीले सांगितलं, ननदेले सांगितलं. ते लोकायसाठी होतं. डॉक्टरले काहून सांगता? तो काय येनार आहे मंदिरात वर्गणी मागाले?"

"तुले नाही समजत वं."

"मले एवढंच समजते का तुमी त्या खाटेवर कसे लोळत होते."

त्यांनी पेन उचलून फ्रिजमध्ये ठेवला आणि त्याच पावलानं जाऊन फोन लावला. रविवार असूनही डॉक्टरांनी उचलला. प्रेमिलाताईंनी सगळं एका दमात सांगितलं, खड्यासकट. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. त्या नुसत्या हो हो म्हणत राहिल्या.

"सुरू करू नका म्हणे. उद्या जुने रिपोर्ट घेऊन या, रक्त तपासू, पोटाच्या डॉक्टरले दाखवू, मंग पाहू म्हणे. देतील का नाही ते आता काही सांगत नाही."

त्या आत गेल्या. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

नत्थूजी एकेक करून बटणं लावू लागले. एक बटण चुकलं, ते काढून त्यांनी पुन्हा लावलं. लहानूजी कागदाची घडी घालत होते. ती जुन्या रेघांवर बसत नव्हती.

"बाकावर सांगितलं असतं तर एवढं झालं नसतं," नत्थूजी म्हणाले.

"हाव."

"काहून नाही सांगितलं?"

"सगळे बसले होते."

नत्थूजींनी मान हलवली. राग होता की नाही, ते लहानूजींना ओळखता आलं नाही. त्यांना असल्या गोष्टी सहसा ओळखता येत नसत.

"आता गुडघ्याचं सांगा."

"मले नाही माहीत, नत्थूजी."

"पुस्तकात?"

"पुस्तकात बरंच आहे. तुमच्यासाठी कोनतं, ते नाही माहीत."

टेबलाचा आधार घेऊन नत्थूजी उठले. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही. लहानूजींनी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही, आणि दुसऱ्या प्रयत्नात ते उभे राहिले.

"उद्या बागेत येऊ नका," ते म्हणाले.

लहानूजींनी कागद टेबलावर ठेवला आणि ते दाराकडे वळले.

"दवाखान्यात चला माझ्यासंगं," नत्थूजी मागून म्हणाले. "प्रेमिला येईलच, पन तिले बाहेर बसवता येते. तुमी आत या. त्या खुर्चीवर बसलो का मी पुन्हा काहीतरी खोटं बोलीन."

"किती वाजता?" लहानूजींनी विचारलं.