मंजुळेचे पाते

माघाची दुपार डोंगरउतारावर ओणवी झाली होती. काजूच्या बागा ताम्रवर्ण मोहोरल्या होत्या, आणि त्या मोहोराचा मंद, मधुर, किंचित कडवट गंध वाऱ्याबरोबर गावभर हिंडत होता. आभाळ निळे होते. निळे, निरभ्र आणि निर्दय. ज्या घरातून माणूस गेले, त्या घरावर आभाळाने इतके देखणे दिसू नये. पण आभाळाला कोण सांगणार?

त्या आभाळाखाली एक कौलारू लोहारशाळा. शाळेत थंड भाता, मुकी ऐरण, आणि दाराशी उजेडाला पाठ देऊन बसलेली आक्काताई. तिच्या मांडीवर एक पाते होते. वीतभर लांबीचे, पाठीला जाड, धारेकडे निमुळते. मुठीविना, म्यानाविना, उघडेवाघडे पाते.

ते मंजुळेचे होते.

मंजुळा म्हणजे आक्काताईची आणि दौलू लोहाराची एकुलती एक लेक. बापासमोर उभी राहून घण मारता मारता ती मोठी झाली, आणि एकोणिसाव्या वर्षी तिने हे पहिले पाते आपले आपण घडवले. पोलाद तिने निवडले. तापवले तिने, ठोकले तिने, धार तिने लावली. आणि श्रावणातल्या एका ओल्या सकाळी, लालबुंद पाते बुडवून, त्याला पाणीही तिनेच दिले. पाणी दिल्यावर धार कठीण होते; आणि ते पाणी हातागणिक वेगळे असते. एकाच भात्यावर बापाचे वेगळे, लेकीचे वेगळे.

भाद्रपदात तिला ताप आला. चार रात्री दवाखान्यात गेल्या. पाचव्या दिवशी ऐरणीसमोरची जागा रिकामी झाली.

तिचे कपडे कुणाकुणाच्या लेकींना गेले. तिची चप्पल दारातून हलली. तिचा आवाजसुद्धा, मेला, हळूहळू विरत चालला. आक्काताई डोळे मिटून तो आठवू पाही आणि कधी कधी दुसऱ्याच कुणाचा आवाज ऐकू येई. या पात्यात मात्र मंजुळेच्या हातचे पाणी होते. जसेच्या तसे. जिवंत.

पाते आणि मूठ यांच्या मधोमध पितळेची एक आडवी पट्टी बसते, कापता कापता बोट घसरून धारेवर जाऊ नये म्हणून. ही पट्टी झाळून बसवायची, म्हणजे कथील वितळवून सांध्यात उतरवायचे, हे या घरात आक्काताईचे काम. मंजुळेने ती पट्टी कानशीने घासून घासून पात्यावर अशी बसवली होती की मधून वारा जाणार नाही. आणि आईपुढे ठेवून म्हणाली होती, "आई, झाळ तू दे. तुझ्यावानी दम मला न्हाई."

पाच महिने आक्काताईने त्या पात्याला हात लावला नव्हता.

कारण झाळायचे तर आच हवी. आच पितळेतून पोलादात शिरते, आणि पोलाद रंग बदलू लागते. आधी वाळल्या गवताचा पिवळा. मग तपकिरी. मग जांभळा. मग निळा, मोरपंखी, मनोहर निळा. हे रंग सरकत सरकत धारेला पोचले, की दिलेले पाणी उतरले. पुन्हा देता येते, नाही असे नाही. पण ते दुसऱ्या हाताचे.

काल पात्याच्या पाठीवर गंजाचा एक ठिपका दिसला. तिने तो पदराने पुसला. पुसला गेला नाही. रात्रभर तो ठिपका तिच्या डोळ्यांपुढे होता.

दौलू दारात येऊन उभा राहिला. लोखंडी जबड्याचा वाइस, दिवा, कथलाची तार अशी मांडामांड बघून त्याचा चेहरा उतरला.

"ऐक माझं," तो म्हणाला. "आच नको लावूस. मी रिव्हेट मारून बसवतो पट्टी. तिनं दिल्यालं पाणी उतरलं, तर पुन्यांदा कुठनं आणायचं?"

"तिनं झाळीसाठी घासलीया ती," आक्काताई म्हणाली. "तिच्या कामात भोकं पाडाय मी कशी देऊ, सांगा."

जन्मभर धगधगत्या लोखंडाशी झुंजलेला तो माणूस वीतभर पात्याला भ्याला आणि आत निघून गेला.

आच धारेला पोचू नये म्हणून आक्काताईने पाते ओल्या फडक्यात गुंडाळले. तापातल्या पोरीच्या कपाळावर पट्टी ठेवावी, तसे हलक्या हाताने गुंडाळले. टोक खाली करून वाइसमध्ये उभे धरले. कथील धरावे म्हणून सांध्यावर नवसागराचे पाणी फिरवले, दिव्याची जाड वात पेटवली, आणि पितळेची वाकडी फुंकणी ओठांत घेतली.

फुंकणीने झाळणाऱ्याला रडता येत नाही. श्वास अखंड लागतो. नाकाने घ्यायचा, गालांत साठवायचा, ओठांनी सोडायचा. हुंदका आला की ज्योत मोडते, ज्योत मोडली की आच भरकटते. याही कारणासाठी ती पाच महिने पळत होती.

ती फुंकू लागली. ज्योत लवली, लांबली, सुईएवढी अणकुचीदार झाली आणि पितळेला लागली. दुसऱ्या अंगाला कथलाची तार टेकवलेली. नवसागर चरचरला, धूर उठला, आणि पोलादावर पिवळा उमटला. कथील नुकते ओलावले होते. तिने भिऊन फुंकणी काढली. कथील जागच्या जागी थिजले, दाणेदार, मलूल. सांधा कच्चा राहिला.

पुन्हा ओले फडके. पुन्हा नवसागर. पुन्हा ज्योत.

पिवळा आला, ती फुंकत राहिली. तपकिरी आला, ती फुंकत राहिली. जांभळा आला, फडक्यातून वाफ निघाली, तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ती फुंकत राहिली. थोडं सोस गं बाई, एवढं सोस, एवढंच, असे ती मनात म्हणत होती. चार रात्री दवाखान्यात हेच म्हणत होती.

आणि कथील वितळले. थरथरले, लखलखले, फटीत शिरले, आणि पितळेच्या पलीकडे रुपेरी रेघ होऊन उमटले. मंजुळेची पट्टी मंजुळेच्या पात्याला कायमची जडली.

तिने फडके सोडले. पितळेशी निळा, त्यापुढे जांभळा, त्यापुढे तपकिरी, आणि पुढे पिवळ्याची फिकट झाक, थेट धारेच्या रोखाने गेलेली. पोचली की नाही पोचली? तिने पाते उजेडात धरले, तिरपे केले, जवळ नेले. भरल्या डोळ्यांना कळेना.

या घराची एक रीत होती. पात्याची पारख, ज्याने ते घडवले त्याच्याच केसावर करायची. केस ताणून धरायचा आणि धार नुसती टेकवायची. तुटला तर पाणी शाबूत. दौलूची पाती दौलूच्या केसावर पारखली जात. या पात्याचे काय करायचे?

आतून दौलू आला. हातात रुमालाची पुरचुंडी होती. ती त्याने उलगडली, आणि आक्काताई पुढे वाकली. मंजुळेची लाकडी फणी. तिला वाटले होते, फणी केव्हाच नदीला गेली. दातांत केस अडकलेले होते. लांब, काळेभोर, शेवटच्या विंचरणीचे.

"किती हायत?" तिने विचारले.

"सात," तो म्हणाला. फणीकडे न बघता म्हणाला.

एक केस त्याने सोडवला आणि दोन चिमटींत ताणून धरला. आक्काताईने धार टेकवली. टेकवली न टेकवली, तोच केस तुटला.

"हाय," दौलू म्हणाला. "तिचं पाणी हाय गं."

एक अर्धा त्याच्या चिमटीत राहिला. दुसरा निसटला. उन्हात क्षणभर तरंगला, चमकला, आणि खाली उतरला. काजळीने, कोळशाने, लोखंडाच्या किसाने काळ्या झालेल्या भुईवर.

आक्काताईने पाते बाजूला ठेवले आणि गुडघे टेकले. इतके दिवस अडवलेला हुंदका तेव्हा फुटला. दौलूही तिच्याशेजारी बसला. काळ्या भुईवर काळा केस. दोघांनी तळहात पसरले आणि भुई चाचपू लागले. वीत वीत, बोट बोट. ऊन दारातून मागे हटले, ऐरण अंधारली, काजूचा गंध थंडावला, आणि तरी ती दोघे शोधतच होती, आपल्या लेकीचा अर्धा केस.