स्वतःच्या जनावराचं दूध

"फॅट बघ, डिग्री बघ, पण कुणाच्या गोठ्यात डोकावू नको, पोरी. एकदा डोकावलीस का दूध मोजणं लय अवघड होऊन बसतं."

दोन वर्षांपूर्वी, दूध संस्थेची सचिव म्हणून तेजल पहिल्यांदा दुधाचा स्निग्धांश आणि दाटपणा मोजायच्या यंत्रासमोर बसली, तेव्हा मालनबाईंनी तिला हे सांगितलं होतं. तेजल हसली होती. नाशिकच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन पिंपळगाव बसवंतच्या आतल्या या गावात सून म्हणून आलेली ती. तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना यंत्राचं भय असतं, दुसरं काय.

मालनबाईंना मात्र कशाचं भय असेल असं गावात कुणी म्हटलं नसतं. चाळीस वर्षांपूर्वी व्यापारी दारावर येऊन म्हणेल त्या भावानं दूध नेत, तेव्हा बौद्ध वस्तीतल्या या बाईनं घरोघर हिंडून संस्था उभी केली. पहिले काही महिने तिच्या दुधाला वेगळी किटली ठेवली होती लोकांनी. ती किटली तिनं स्वतः उचलून मोठ्या कॅनमध्ये ओतली आणि म्हणाली, "आता निवडा आपापलं." कुणाला निवडता आलं नाही. संस्थेचा मुख्य नियमही तिचाच: वर्षातले सहा महिने जो स्वतःच्या जनावराचं दूध घालील, त्यालाच सभेत मत. नुसत्या आडनावावर कुणी पुढारी व्हायचं नाही.

तर या भाद्रपदात मालनबाईंच्या म्हशीचं फॅट एकाएकी उतरलं. सात-साडेसात लागायचं ते साडेतीनवर आलं. तेजलनं यंत्र धुतलं, पुन्हा लावलं. तेच. म्हैस आटत आली की फॅट वाढतं, उतरत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. मग हे काय?

यंत्राचं एक वेळ सोडा. पण मालनबाई रोज झाकणभर दूध वेगळं ठेवायच्या, "आरोहीला" म्हणून. तेजलची आरोही दीड वर्षांची, आणि दोन दिवस तिचं पोट बिघडलेलं. तेजलच्या डोक्यात नको नको ते यायला लागलं. पावडर? आणखी काही? छे, मालनबाई? पण मग साडेतीन कसं?

त्या दुपारी लेकीला काखेत घेऊन ती वस्तीवर गेली आणि गोठ्यात डोकावली.

गोठा स्वच्छ झाडलेला. शेणाचा वाससुद्धा नाही. गव्हाणीवर लुगडं वाळत घातलेलं.

"आलीस शेवटी," ओट्यावरून मालनबाई म्हणाल्या. "बस. पोरीला दे इकडं."

"म्हैस कुठाय, आजी?"

"पोळा झाला नि दिली. गुडघं चालंनात. गवताचा भारा कोण आणणार, तुझा शेखर?"

शेखर म्हणजे तेजलचा नवरा, द्राक्षांच्या पॅकहाऊसला कामाला. एरवी तेजल हसली असती.

"मग किटलीत रोज काय असतं?"

"विमलाबाईच्या गाईचं. शेजारीच हाय ती. तिच्याकडनं घेते, तुझ्याकडं घालते. सहा महिन्याला नऊ दिवस कमी पडत्यात मला. पुढल्या रविवारी सभा हाय. अध्यक्ष झालेल्या गोरक्षला आपलं दूध केंद्र एका खासगी डेअरीला द्यायचंय. मी नको म्हणून हात वर केल्याबिगर कसं चालंल?"

गाईचं फॅट साडेतीनच लागतं; तेजलला सगळं कळलं, आणि तरी तोंडातून निघून गेलंच, "पण त्यात... काही मिसळलेलं नाही ना? आरोहीचं पोट..."

मालनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग आरोहीचं नाक पदरानं पुसलं. "दात येत्यात तिला," एवढंच बोलल्या.

आरोहीला खरंच दात येत होते.

आठवडाभर तेजलला सुचेना. मतदारांची यादी तिच्याच सहीनं लागणार. नाव ठेवावं तर नियम मोडतो. काढावं तर जिनं नियम केला तिलाच बाहेर बसवायचं.

"तू कशाला मध्ये पडतेस?" शेखर म्हणाला. "ठेव ना नाव. गोठा कोण बघायला जातंय?"

"मी गेले होते."

"मग विसर."

अध्यक्ष गोरक्षनाना तर केंद्रावर येऊनच म्हणाले, "सूनबाई, यादी काटेकोर पाहिजे हां. शिकलेली सचिव आहेस तू." त्यांना काही कळलं होतं की नेहमीचं बोलत होते, तेही तिला उमगलं नाही. शनिवारी तिनं यादी लिहिली. मालनबाईंचं नाव लिहिलं, खोडलं, कागद फाडला, आणि दुसऱ्या कागदावर ते लिहिलंच नाही.

रविवारी समाजमंदिरात तिनं नावं वाचली.

"ए, मालनआत्याचं राहिलं की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"कॉलेजातल्या पोरींना गावची माणसं दिसत नाहीत," एक बाई म्हणाली, आणि हशा झाला.

तेजलचे कान तापले. तेवढ्यात मालनबाईच उठल्या.

"राहिलं नाय. माझ्या गोठ्यात जनावर नाय. यादी बरोबर हाय." आणि काठी टेकत बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

हशा विरला. ठराव मांडला गेला. केंद्र द्यावं म्हणणाऱ्यांचे हात मोजले, नको म्हणणाऱ्यांचे मोजले. ठराव पाच मतांनी पडला. गोरक्षनानांनी पुन्हा मोजायला लावलं; पाचच.

तेजल धावत पायरीवर आली. "आजी, राहिली संस्था!"

"बरं झालं," मालनबाई म्हणाल्या. हसल्या की नाही, ते तेजलला नीट दिसलं नाही.

त्याला आज बारा दिवस झाले. मालनबाई केंद्राकडे फिरकलेल्या नाहीत. तेजल तीनदा वस्तीवर गेली. तीनदा दाराला आतून कडी. "झोपलेय गं," आतून आवाज. विमलाबाई सांगतात, जेवतात म्हणे. पण किती, ते त्यांनाही माहीत नाही. दार बंद झालं ते यादीमुळे, की त्या दुपारच्या त्या एका प्रश्नामुळे, की खरंच नुसते गुडघे दुखतायत? यादीबद्दल माफी मागावी तर यादी बरोबर आहे असं त्या स्वतःच म्हणाल्या. प्रश्नाबद्दल मागावी तर तो पुन्हा उच्चारावा लागेल. तेजल रोज दूध मोजते आणि तिला काही कळत नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडेच एक मागणं आहे. पिंपळगावहून आत वळलात, तर बौद्ध वस्तीतलं शेवटून दुसरं घर. पाणी मागायच्या निमित्तानं दार वाजवा. परक्या माणसाला त्या पाण्याविना पाठवणार नाहीत, उठतीलच. चालताना भिंतीचा आधार घेतात का बघा, चूल पेटलेली आहे का तेही बघा. तेजलनं पाठवलंय असं मात्र सांगू नका. आणि काय दिसलं ते तिला केंद्रावर येऊन सांगा. ती सकाळी सहापासून तिथंच असते.