लाल खुणेचे पांडित्य

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंचे थोरले बंधू तीस वर्षे एका दवाखान्यात कंपाउंडर होते. आणि त्या पुण्याईवर कुटुंबातील यच्चयावत देहांचे स्वामित्व आपल्याकडे आले आहे, अशी त्यांची अढळ श्रद्धा होती.

पडणे नाही, ठेच नाही. केवळ शिलाई मशीन पायाने चालवता चालवता बाईंच्या पावलाच्या हाडाला वर्षात तिसऱ्यांदा चीर गेली. दादांनी रक्ततपासणीचा कागद नाकासमोर धरला.

"उत्तम! लाल खूण एकसुद्धा नाही."

"पण दादा, या एन्झाइमपुढे हा चौदा? कडेला चाळीसच्या वर हवा, असं छापलंय."

"अगं, कमी म्हणजे चांगलंच की! साखर कमी, चरबी कमी, तसंच हे. तू मशीन चालव, डोकं नको."

त्या प्रयोगशाळेची रीतच अशी, की वाढल्या आकड्याला तेवढी लाल शाई. उणा आकडा बिचारा काळाच राही. दादांची विद्या लाल शाईपाशी संपत असे. जुन्या ओळखीच्या बळावर त्यांनी म्हाताऱ्यांच्या ठिसूळ हाडांवरचे इंजेक्शन अडतीस वर्षांच्या बहिणीसाठी ठरवूनही टाकले.

त्याच सकाळी शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आपला ॲप्रन न्यायला आल्या. बाईंचा पुढचा दात मुळासकट अलगद हाती आला होता, हे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी जुने कागद मागवले. त्या एन्झाइमचा आकडा दर वेळी उणाच: सोळा, पंधरा, चौदा.

"हे एन्झाइम कमी पडलं की हाडात खनिज नीट बसत नाही. विटा आहेत, पण चुना धरत नाही. हाडांच्या तज्ज्ञांना दाखवा. तोवर इंजेक्शन नको. हाच आजार असला तर अपाय व्हायचा."

"दात उपटणारी आता पाय सांभाळणार!" दादा फिस्कारले.

आणि बाईंना इंजेक्शनला घेऊन गेलेच. दवाखान्यात नर्स सुई भरून उभी राहिली. पाय गेला तर मशीन गेले, आणि मग उरलेले आयुष्य दादांच्या घरी, त्यांची प्रवचने ऐकत! बाईंनी बाही खाली ओढली.

"नको. आधी तज्ज्ञांकडे जाते."

"अगं, भरलेलं औषध वाया जाईल!"

"मग तुम्ही घ्या ना, दादा. हाडं तुमचीही जुनीच आहेत."

नर्सने हसू दाबून दादांकडे पाहिले. तीस वर्षे लोकांची औषधे बांधणाऱ्या त्या महापुरुषाला एकाएकी बाहेर कोणाला तरी भेटायचे आठवले. बाईंनी काठी उचलली, कागदांची पिशवी खांद्याला लावली आणि तज्ज्ञांच्या दाराबाहेरच्या रांगेत जाऊन बसल्या.