दुसरं बारसं

दिव्याचं मशीन सापडलं ते गॅसच्या सिलिंडरला चिकटलेलं. सकाळपासून अंबूबाईनं पिठाचा डबा उपसला, भांड्यांची पाटी पालथी केली, सुनेच्या माहेरचा उद्धार केला, आणि ते मशीन आपलं चकतीतल्या लोहचुंबकाच्या जोरावर सिलिंडरच्या पोटाला जळूसारखं धरून बसलेलं.

"हे बघ तुझ्या लेकीचं परताप!" अंबूबाई गरजली. "डोस्क्याला लावायचं ते सिलिंडरला लावती. आता सिलिंडर बोलाया लागंल, पोरगी न्हाई!"

स्वरूपानं मशीन ओढणीनं पुसलं. "आई, हळू. दुसऱ्या कानाचं चालू आहे तिचं."

"हळू कशापायी? ऐकू यावं म्हणूनच कवटीत बसवलं ना?"

दिव्याला चौथं लागलं होतं. जन्मापासून दोन्ही कानांनी बहिरी. ऑपरेशन करून डॉक्टरांनी डोक्याच्या आत एक भाग बसवला होता आणि महिन्याभरापूर्वी बाहेरची मशीनं सुरू झाली होती. कानामागं आकडा, त्याची वायर, वायरीच्या टोकाला केसांवर चिकटणारी चकती. चकती निघाली की पुन्हा सगळं सामसूम. चिंचवडच्या थेरपीवाल्या मॅडमनी घरच्या सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, की झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत मशीन डोक्यावर राहिलं पाहिजे. आवाज ओळखायला मेंदू शिकायचाय, आणि शिकायचं वय सरत चाललंय. पण जबरदस्ती नको. जवळ बसून नेहमीच्या आवाजात बोला. एकदा तिनं धसका घेतला तर परत वळवणं अवघड.

अंबूबाईनं त्यातलं अर्धंच घरी आणलं. नेहमीचा आवाज म्हणजे काय, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्योतीरामनं कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांपाशी उभी हयात घालवली आणि कान तिथंच ठेवून आला. नवऱ्याला मीठ मागायचं तरी अंबूबाईला बोंब मारावी लागे. घरामागं फॅब्रिकेशनची शेड. घरात कंपनीच्या पोरांची खानावळ, सगळी एकदम जेवायला बसणार आणि एकदम ओरडणार. या सगळ्यांच्या वरून अंबूबाईचा गळा जायचा. चाकणच्या रस्त्यावर कंपनीची बस चुकून पुढं निघाली तर ती दारातून हाक मारून थांबवायची, आणि त्याचा तिला तोरा होता.

पोरीला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हापासून शेजारची तानुबाई सारखी डिवचायची. "मुक्या पोरीला कोन पत्करनार गं अंबू?" तो घाव अंबूबाईनं उरात जपून ठेवला होता. मशीन बसलं तशी तिनं घोषणाच केली. पोरीचं दुसरं बारसं करायचं.

"पहिल्या बारशाला आत्यानं कानात नाव सांगितलं, पर ते पोचलं कुटं? आता पोचंल. समद्या आळीसमोर पोरगी वळून बघंल, आन् त्या तानीचं थोबाड बंद व्हईल."

"मॅडमना विचारूया आधी," स्वरूपा म्हणाली.

"तुज्या मॅडमला बारशातलं काय कळतंय? कुरकुर लावू नगंस."

स्वरूपानं नवऱ्याकडं बघितलं. गणराज सेकंड शिफ्टला निघाला होता. "आई म्हणती तर होऊ दे की," म्हणत त्यानं गाडीला किक मारली. त्या दिवशी त्याच्या डब्यात लोणचं नव्हतं.

रविवारी आळीतल्या सगळ्या बायका जमल्या. तळेगावहून आत्या वर्षाली आली, पाळणा टांगला, आणि त्यात दिव्याला बसवलं तर तिचे दोन्ही पाय बाहेर लोंबायला लागले. बायका फिदीफिदी हसल्या. दिव्याही हसली. मशीनला फुलांची माळ लावलेली. ती सगळ्यांची तोंडं टुकूटुकू बघत होती. पाळण्याशेजारी घुगऱ्यांचं पातेलं निवत ठेवलं होतं.

आत्यानं कानात कुर्र करायचं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही बारशाची रीत. वर्षालीनं वाकून थेट मशीनलाच तोंड लावलं. गळा तर आईचाच घेतलेला.

"दिव्याऽऽ, कुर्रऽऽऽ!"

धपाधप धपाटे पडले, बायका चेकाळल्या, कुणीतरी ताट बडवलं. दिव्याचं अख्खं अंग उडालं. मग तिनं असा टाहो फोडला की पाळण्याच्या दोऱ्या हलल्या. दोन्ही हातांनी तिनं कानामागचं ओरबाडलं. एक मशीन वर्षालीच्या निऱ्यांवर, दुसरं घुगऱ्यांच्या पातेल्यात.

तानुबाई मागून म्हणाली, "जाऊ दे गं अंबू. न्हाई मानवत पोरीला. ठिवून द्या पेटीत."

अंबूबाई तिच्यावर तुटून पडणार तोच स्वरूपा मध्ये आली. पोरगी काखेत, हात पातेल्यात कोपरापर्यंत.

"ऐकू आलं म्हणूनच रडली ती!" स्वरूपाचा असा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता. "तुमच्या कानाशी कुणी कंपनीचा भोंगा लावला तर हसाल का तुम्ही? आणि आई, तुम्हाला नात नकोच होती. तानुबाईंचं तोंड बंद करायला कुणीतरी हवं होतं!"

"भर बायकांत मला बोलतीस?"

"बोलते! कितीदा सांगितलं हळू, हळू. ऐकू कुणाला येत नाही या घरात?"

बायका घुगऱ्या न घेताच पांगल्या.

मशीन पुसून, वाळवून चालू झालं. दिव्या मात्र चालू होईना. चकती दिसली की डोकं दोन्ही हातांनी झाकून घ्यायची. फोनवर मॅडम म्हणाल्या, एकाच कानापासून सुरुवात करा, थोडा वेळ, शांत जागी. आणि घरात आरडाओरडा बंद. स्वरूपानं हा निरोप भिंतीला सांगितला. सासूनं तो भिंतीकडूनच ऐकला आणि आदळआपट दुप्पट केली. तिचा राग वर्षालीवर होता, पळपुट्या लेकावर होता, तानीवर तर होताच. सुनेवर सगळ्यात जास्त. रागाला एवढी गिऱ्हाइकं होती की तिला दिवस पुरत नव्हता.

एका दुपारी स्वरूपानं गोडीगुलाबीनं एक मशीन चढवलं होतं. दिव्या लसणाच्या पाकळ्या वाटीत टाकत बसली होती. टाकायची, टण् वाजलं की वाटीत डोकवायची. अंबूबाई मागच्या दारानं पाण्याची कळशी घेऊन आत आली. अजून एक शब्द तिच्या तोंडातून निघाला नव्हता. दिव्यानं तिला बघितलं, हात वर नेला, चकती उपटून मुठीत घेतली आणि आजीच्या तोंडाकडं बघत राहिली. वीज कडाडायच्या आधी माणूस आभाळाकडं बघतं, तशी.

"माज्याविरुद्ध पढवलंस व्हय पोरीला!" एवढं अंबूबाईच्या जिभेच्या शेंड्यावर आलं. तोंड उघडलं, तर पोरगी कोपऱ्यात सरकली.

अंबूबाईनं तोंड मिटलं. शब्द गिळायची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती बोललीच नाही. खानावळीतला सनी म्हणाला, "आजी, आवाज बसला काय? कंपनीला सुट्टी जाहीर करू?" तिनं नुसतं उलथणं रोखलं. पोरांना वाटलं कुणी गेलं बिलं असेल. हळूहळू पोरंही खालच्या आवाजात भाजी मागायला लागली. ज्योतीराम तर पुरता घाबरला. बायकोच्या कपाळाला हात लावून बघितला. "दवाखान्यात जायचं का?" तो ओरडला. तिनं त्याच्या तोंडावर पिठाचा हात ठेवला.

असं चाललं. आतून ती भट्टीसारखी पेटलेली, आणि सगळा राग भाकरीवर निघायचा. भाकरी मात्र त्या दिवसांत फार पातळ झाल्या.

एका कानाला मशीन लावून दिव्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायला लागली. थप्, थप्, थप्. पोरगी मान वाकडी करायची. अंबूबाईनं हात थांबवला. दिव्यानं हाताकडं बघितलं. थप्. पोरीच्या भुवया वर गेल्या. अंबूबाई पुन्हा थांबली, तशी दिव्यानं आजीचं बोट धरून पिठावर आपटलं, वाजव म्हणून. मग स्वतःच दोन्ही पंजांनी गोळा बडवायला लागली.

स्वरूपा दारात आली. सासूकडं न बघता तिनं दुसरं मशीन परातीशेजारी ठेवलं. अंबूबाईनं हात पुसले. आकडा कानामागं बसवला, चकती केसांजवळ नेली, ती आपसूक जागेवर जाऊन चिकटली. दिव्याचा पिठाचा हात डोक्याकडं निघाला. अंबूबाईनं काही न बोलता भाकरी थापायला घेतली. हात हवेत थोडा रेंगाळला, आणि पिठात परत आला.

तेवढ्यात दारातून आवाज घुसला. "काय गं अंबू! उतरलं का खूळ? ठिवलं का न्हाई पेटीत?"

दिव्या दचकली. हात चकतीवर.

अंबूबाई उठली. तानुबाईचं कोपर धरून तिला उंबऱ्याबाहेर नेलं, तोंडाला तोंड लागेल इतकी जवळ गेली आणि कीर्तनातल्या निरूपणासारख्या संथ, खालच्या सुरात म्हणाली, "तानी, माज्या दारात परत येवढं तोंड वासलंस तर ती जीभ तापल्या तव्यावर ठिवीन. हळू बोलायला जमत आसंल तर आत ये, च्या देते. न्हाई तर चालाया लाग."

"काय म्हनलीस?" तानुबाईनं कान पुढं केला. "मोठ्यानं बोल की!"

"न्हाई बोलनार," अंबूबाई त्याच सुरात म्हणाली. "तू जवळ ये, पुन्यांदा सांगते."

तानुबाई जवळ आली नाही. आळीतून जातानाचं तिचं बडबडणं कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिलं.

अंबूबाई आत वळली. सुनेकडं तिनं बघितलं नाही. भर बायकांत बोललेलं ती इतक्यात सोडणार नव्हती. परातीपाशी दिव्या बसली होती, दोन्ही मशीनं पिठानं माखलेली, पण जागच्या जागी. पोरगी पिठावर पंजा आपटायची, थांबायची, आणि पुन्हा आपटायची.